पाय, पायताण आणि व्यायाम



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावणे धाडले तेव्हा आम्ही मजुरी, बोनस, संप आणि टाळेबंदी यांविषयी बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. तो आमचा नेहमीचा धंदा आहे आणि त्यावर आम्ही तासन्‌तास बोलू शकतो, हे आमच्या सभासदांना चांगले ठाऊक आहे. परंतु पन्हाळगडावर वसंत ऋतूच्या संध्याकाळी गार वाऱ्यात बसलेल्या श्रोत्यांना टाळेबंदीच्या गोष्टी ऐकवाव्यात, हे आम्हांला बरे वाटले नाही. म्हणून आम्ही विषय कळवला तो ‘व्यायाम आणि पायताण’ असा. चालकांनी तो दोनदा विचारून घेतला. आपल्या ऐकण्यात काही चूक झाली असावी, अशी त्यांना शंका आली.

त्यांचा दोष नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून धर्म, राजकारण, इतिहास, वाङ्मय असे थोर विषय बोलले गेले. पायात घालायची वस्तू त्यात कधी बसली नाही. वहाणेची जागा पायातच, असे आपण म्हणत आलो. ती वस्तू आपण उंबऱ्याबाहेर ठेवली आणि ती करणाऱ्या माणसाला गावाबाहेर. अशा वस्तूचा विचार विद्वानांनी केला नाही, तर तो आमच्यासारख्यांनी करावा, यात गैर काही नाही. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे जे काही झाले ते ग्रंथालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर. पण फाटकावर उभे राहिले म्हणजे एक गोष्ट फार चांगली दिसते, ती म्हणजे आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या माणसांचे पाय.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. पायताण हे हत्यार आहे. कारागीर हत्यार घेताना तीन गोष्टी पाहतो: काम कोणते, माल कोणता आणि हात कोणाचा. व्यायामासाठी बूट घेताना त्याच तीन गोष्टी पाहाव्या लागतात: हालचाल कोणती, जमीन कोणती आणि पाय कोणाचा. किंमत किती आणि नाव कोणाचे, हे प्रश्न त्यानंतरचे. आज आपल्या पोरांना आणि पोरींना दुकानात नेमके उलटे शिकवले जाते. नाव आधी, किंमत मागून आणि पाय सर्वांत शेवटी. त्याचे परिणाम आम्ही पाहिले आहेत आणि ते पुढे सांगणार आहोत.

प्रथम अनवाणीपणाविषयी बोलू, कारण कोल्हापूरच्या मुलखात व्यायामाची सुरुवात अनवाणी पायांनीच झाली. तालमीच्या लाल मातीत पैलवान बूट घालून उतरत नाही. तेल, ताक, हळद घालून मळलेली ती माती मऊ असते आणि पायाची पाचही बोटे तिच्यात रुतवून मल्ल आपला तोल धरतो. तेथे बूट म्हणजे अडचण. शाहू महाराजांच्या काळी, १९१२ साली, खासबागेचे मैदान उभे राहिले. त्या मैदानात ज्या कुस्त्या झाल्या त्या अनवाणीच झाल्या. पण माती जाऊन गादी आली की हिशेब बदलतो. गादीत बोटे रुतत नाहीत. तेथे पाय सरकतो आणि घोटा पिळतो. म्हणून गादीवरच्या कुस्तीला पातळ रबरी तळाचे, घोट्याच्या वरपर्यंत नाडीने आवळलेले हलके बूट लागतात.

खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे आणि कोल्हापूरच्या तालमीत घडलेले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी त्यांना नवखी होती. तरीही ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मल्ल तोच, डाव तेच, पण जमीन बदलली म्हणून पायाला नवे शिक्षण घ्यावे लागले. आमच्या विषयाचे सार या एका उदाहरणात आले.

त्याच दोन ऑलिंपिकमध्ये फुटबॉलचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९४८ साली लंडनला आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी २-१ असे थोडक्यात हरले. अनवाणी खेळाचे केवढे कौतुक झाले! १९५२ साली हेलसिंकीच्या थंड, ओल्या मैदानावर युगोस्लाव्हियाने आपल्यावर १० गोल चढवले. आपला एक झाला. त्यानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. कौतुकाने चार वर्षे फुकट घालवली, असे कोणी म्हटले तर आम्ही त्याला अडवणार नाही.

आता कोणी म्हणेल, इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोमची मॅरेथॉन अनवाणी जिंकली, त्याचे काय? खरे आहे. त्याने ४२ किलोमीटरहून अधिक अंतर २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत कापले आणि तो त्या वेळचा विक्रम ठरला. पण गोष्ट अर्धी सांगू नये. रोममध्ये त्याला मिळालेले बूट त्याच्या पायाला नीट बसेनात, म्हणून तो अनवाणी धावला. लहानपणापासूनची सवय असल्याने पायाने साथ दिली. पुढे १९६४ साली टोकियोला तो बूट घालून धावला, पुन्हा पहिला आला आणि वेळ लागला २ तास १२ मिनिटे ११ सेकंद. बुटामुळेच तो जिंकला, असे आम्ही म्हणत नाही. न बसणाऱ्या बुटापेक्षा अनवाणी बरे आणि अनवाणीपेक्षा नीट बसलेला बूट बरा, एवढा बोध त्यातून घ्यावा.

शास्त्रज्ञांनीही या प्रश्नात लक्ष घातले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले की, जन्मभर अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर किंवा सपाट तळव्यावर उतरतात आणि त्यामुळे जमिनीचा आघात त्यांना कमी बसतो; जाड टाचेचे बूट घालणारे बहुधा टाचेवर आपटतात. हे वाचून शहरातल्या काही उत्साही मंडळींनी एका दिवसात बूट फेकून दिले आणि आठवड्यात पोटऱ्या व टाचा धरून बसली. सवय नसलेल्या पायाला ती लावायला महिनेच्या महिने लागतात.

बारामतीच्या लता करे यांचे नाव आपण ऐकले असेल. पतीच्या आजारपणात पैशाची गरज होती म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी लुगड्यात, अनवाणी पायांनी शर्यतीत धावली आणि जिंकली. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आम्हीही वाजवल्या. पण टाळ्या त्या बाईच्या हिमतीला द्यायच्या आहेत, तिच्या अनवाणी पायांना नव्हे. गरिबीला शौर्याचे नाव दिले की पायताण देण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

असो. आता एकेक व्यायाम घेऊ.

चालणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांना जमणारा व्यायाम. चालताना एक ना एक पाय जमिनीवर असतोच, म्हणून आघात कमी. प्रथम टाच टेकते, मग भार बाहेरच्या कडेने पुढे सरकतो आणि चवडा ढकलून पाऊल उचलते. म्हणून चालण्याच्या बुटाची टाच फार उंच नको आणि तळ चवड्याच्या जागी सहज वाकला पाहिजे. बूट हातात घेऊन टोक दाबावे. तो जेथे आपली बोटे सुरू होतात तेथे वाकला तर चांगला. मधोमध, कमानीखाली दुमडला तर तो परत ठेवावा.

ज्या भगिनींना आणि बंधूंना मधुमेह आहे, त्यांना येथे वेगळे सांगणे अगत्याचे आहे. या रोगात पायाची संवेदना कमी होत जाते. खडा टोचला, फोड आला तरी कळत नाही आणि लहानशा जखमेतून पाय गमावण्याची पाळी येते. त्यांनी सकाळी गवतावर अनवाणी फिरण्याचा मोह टाळावा, घालण्यापूर्वी बूट उलटा करून झटकावा आणि रोज रात्री दिव्याच्या उजेडात तळवे पाहावेत.

धावण्याची तऱ्हा निराळी. धावताना प्रत्येक पावलाला दोन्ही पाय क्षणभर हवेत असतात आणि मग सगळा देह एका पायावर उतरतो. हा भार शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असतो. ६० किलोचा मुलगा असेल तर १२० ते १८० किलो, आणि तेही मैलभरात हजाराहून अधिक वेळा. हमालाच्या पाठीवर एवढे ओझे कोणी चढवले तर आम्ही दुसऱ्या दिवशी निवेदन घेऊन जाऊ. पण पाय निवेदन देत नाही; तो दुखतो, इतकेच. म्हणून धावण्याच्या बुटाला पुरेसा मऊ थर, वजनाने हलकेपणा आणि टाच घट्ट धरणारी कडक वाटी हवी.

मात्र हाच मऊ बूट खो-खो, बॅडमिंटन किंवा व्हॉलीबॉलला घातला तर घात होतो. धावणारा सरळ पुढे जातो. हे खेळाडू आडवे पळतात, थबकतात, उलटे वळतात. उंच, स्पंजासारख्या तळावर आडवा पाय पडला की तो बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि घोटा मुरगळतो. अशा खेळांना तळ बसका, कडा रुंद आणि रबर चांगले पकडणारे हवे. कबड्डी मातीवर अनवाणी खेळत होते; गादीवर आता पातळ तळाचे बूट आले आहेत. फुटबॉलला तळाशी उंचवटे असलेले बूट, ज्यांना पोरे ‘स्टड’ म्हणतात, लागतात. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार अशा तालमींचेच फुटबॉल संघ आहेत. तेव्हा हे तालमीच्या पोरांना शिकवण्याची गरज नाही. एवढेच सांगतो की उंचवटे मऊ जमिनीसाठी आहेत. कडक, वाळलेल्या मैदानावर लांब उंचवट्यांचे बूट घातले तर ते रुतत नाहीत आणि पाय खुंट्यांवर उभा राहिल्यासारखा डळमळतो.

वजने उचलणाऱ्याने धावण्याचे बूट काढून ठेवावेत. पायाखाली गादी असताना कोणी पोते उचलील काय? मग स्पंजाच्या तळावर उभे राहून लोखंड का उचलावे? तेथे सपाट, कडक, न दबणारा तळ हवा. जोर-बैठकांना तर तालमीतली माती आणि आपले दोन पाय पुरेत.

स्तब्ध उभे राहणे हाही एक खेळ आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. नेमबाजाच्या बुटाचा तळ सपाट असतो. शरीर हलू नये हे त्याचे काम. ते घालून कोणी बसच्या मागे पळू लागला तर लोक हसतील. खाशाबा आणि स्वप्नील यांच्यामध्ये ७२ वर्षांचे अंतर. एकाचे काम पकडीचे, दुसऱ्याचे न हलण्याचे. पदके सारखीच, पायताणे मात्र भिन्न.

आता या गडावर बसून पावनखिंडीचे नाव न घेणे बरे दिसणार नाही. १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात, शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून येथून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे साथीदार खिंडीत पडले. त्या वाटेने आता दर पावसाळ्यात हजारो तरुण पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती करतात. अंतर ५० किलोमीटरच्या आसपास. बहुधा दोन दिवस लागतात. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात आपला पन्हाळा आहे. तेव्हा येणाऱ्यांची गर्दी वाढणार, हे उघड आहे.

ही वाट शहरी बुटांची परीक्षा घेते. मसाई पठारावर जांभा दगड आणि त्यावर शेवाळ, पुढे भातखाचरांचा चिखल, मध्ये ओढे, मग झाडीतली निसरडी उतरण. सपाट, गुळगुळीत तळाचा बूट तेथे घसरगुंडी होतो. खोल खाचांचा तळ हवा, कारण चिखल खाचांतून बाहेर पडतो. पाणी आत शिरू न देणारा जाड महागडा बूट घेण्याचा मोह होतो. पण या पावसात, ओढा ओलांडताना, पाणी वरून शिरते आणि मग ते बाहेर पडत नाही. दोन्ही पायांत दोन तांबे घेऊन चालल्यासारखे होते. त्यापेक्षा पाणी निथळून जाणारा आणि लवकर वाळणारा बूट बरा. मोजे सुती नकोत. सुती मोजा भिजला की कातडीवर घासतो आणि फोड येतो. कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जवळ ठेवावा. नखे आधी कापावीत आणि उतरणीला लागण्यापूर्वी नाडी घोट्याजवळ आवळून घ्यावी, नाही तर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात. आणि या मोहिमेसाठी म्हणून आदल्या दिवशी नवा बूट कोणीही विकत घेऊ नये. नवा बूट चावतो. त्याला निदान तीन आठवडे घरच्या वाटेवर चालवून मग गडावर आणावा. शेवाळलेल्या जांभ्यावर मात्र कोणताच बूट वाचवीत नाही. तेथे पाऊल जपून टाकणे हाच उपाय.

कोल्हापुरी चपलेविषयी विचारल्यावाचून आपण आम्हांला सोडणार नाही. ती उत्तम वस्तू आहे. कातडे झाडपाल्याच्या, सालींच्या द्रव्यांनी कमावलेले, शिवण कातडी वादीची, खिळा नाही. कोरड्या वाटेवर चालायला ती पिढ्यान्‌पिढ्या पुरली. पण ती धावण्यासाठी केलेली नाही. टाच मागून मोकळी असल्याने बोटांना ती सतत धरून ठेवावी लागते, आणि पावसात भिजली की कातडे फुगते. तिला व्यायामाच्या बुटाचे काम सांगणे म्हणजे सुताराच्या रंध्याने दगड तासणे. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून ८ जिल्ह्यांतल्या कारागिरांच्या या मालाला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच चप्पल मांडली, कोल्हापूरचे नाव न घेता. ओरड झाली तेव्हा मूळ भारतीय कारागिरीत असल्याचे त्यांनी मान्य केले. नाव मिळाले हे चांगलेच झाले. आता दामही कारागिराच्या घरात आले पाहिजेत, एवढी पुस्ती आमच्या धंद्याला धरून आम्ही जोडतो.

आता आमच्या मूळ चिंतेकडे येतो. आपल्या जिल्ह्यात पहाटे पाच वाजता कोणत्याही रस्त्यावर जा. अंधारात पोरेपोरी धावताना दिसतील. हा छंद नव्हे. ती पोलीस भरतीची, सैन्यभरतीची तयारी आहे. पोलीस भरतीत मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. गुण सेकंदांवर मोजले जातात. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या किंवा बापाची कंत्राटी नोकरी असलेल्या घरात त्या काही सेकंदांवर घराचे पुढचे तीस वर्षांचे धान्य अवलंबून असते.

आमच्या एका सभासदाची मुलगी अशीच तयारी करीत होती. थोरल्या भावाचे जुने बूट तिच्या वाट्याला आले. ते एक नंबर मोठे होते, म्हणून पुढे कागदाचे बोळे घातले. तळ एका बाजूने झिजलेला. भाऊ ज्या बाजूला झुकून धावे, त्या बाजूला बूट झुकलेला. आणि आता मुलीचे पाऊलही तिकडेच पडू लागले. दोन महिन्यांत नडगी दुखू लागली. घरच्यांनी तेल चोळले, पट्टी बांधली आणि ती धावत राहिली, कारण थांबणे परवडत नव्हते. परीक्षेच्या दिवशी ८०० मीटरच्या शेवटच्या फेरीत तिला पाय टेकवेना. गुण गेले. पुढची भरती कधी निघेल हे तिच्या हातात नाही; वयाची अट मात्र रोज एका दिवसाने जवळ येते. तिच्या मेहनतीत काही कमी नव्हते. कमी होते ते हत्यारात. १४ च्या नटाला १७ चा पाना लावला तर नटाचे कोपरे जातात, हे त्या बापाला कारखान्यात ठाऊक होते; घरात कोणी त्याला ते सांगितले नव्हते.

मग अशा घराने काय करावे? पहिली गोष्ट, महागाला भुलू नये. धावण्याच्या बुटात विज्ञान फार पुढे गेले आहे, इतके की २०२० साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरच्या शर्यतीच्या बुटांचा तळ ४० मिलिमीटरहून जाड नसावा, असा नियम करावा लागला. पण ते विज्ञान मॅरेथॉनच्या विक्रमवीरांसाठी आहे. आपल्या पोरीला नीट बसणारा साधा बूट पुरे.

दुसरी गोष्ट, दुकानदार पायाची कमान पाहून ‘तुम्हांला हाच बूट लागेल’ असे ठासून सांगू लागला तर हसून ऐकून घ्यावे. अमेरिकेच्या सैन्यात नव्याने भरती झालेल्या हजारो जवानांवर या गोष्टीचा प्रयोग झाला. काहींना पायाच्या ठेवणीप्रमाणे निरनिराळे बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकाच जातीचे. २००९-१० च्या सुमारास निष्कर्ष छापून आले. दुखापतींत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. म्हणून पुष्कळ जाणकार आता एकच कसोटी सांगतात: घालून पळून पाहा आणि जो पायाला सुखाचा वाटेल तो घ्या. जोडा कोठे चावतो हे घालणाऱ्यालाच कळते. हे आपल्या आजीला प्रयोगाशिवाय ठाऊक होते.

तिसरी गोष्ट, घेण्याची रीत. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतो. जे मोजे घालून धावणार तेच घालून जावे. दोन्ही पाय मोजावेत. बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो, मोठ्या पायाचा बूट घ्यावा. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. टाच वर-खाली निसटता कामा नये. नंबरावर विश्वास ठेवू नये. एका कंपनीचा सात दुसरीच्या आठाएवढा निघतो. मुलींच्या पायाची टाच पुष्कळदा चवड्याच्या मानाने अरुंद असते. मुलांचा बूट लहान करून तो तिला बसेलच असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर कर ५ टक्के आहे, त्यावर १८ टक्के. खरेदी करताना हे लक्षात असू द्यावे.

चौथी गोष्ट, बुटाचे आयुष्य. धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतो, मग वरून धड दिसला तरी आतला मऊ थर मरतो. रोज ५ किलोमीटर, आठवड्यातून सहा दिवस धावणाऱ्या मुलीचे आठवड्याला ३० किलोमीटर होतात. म्हणजे तिचा बूट चार ते सहा महिन्यांत संपला. तोच बूट घालून ती कॉलेजला, बाजारात आणि गोठ्यात गेली तर त्याहून आधी. म्हणून एकच जोडी परवडत असेल तर ती धावण्यापुरती राखावी आणि बाकी वेळी चप्पल वापरावी. आणि एका माणसाचा झिजलेला बूट दुसऱ्याने धावण्यासाठी कधीही घेऊ नये.

काही मुले बापाला कारखान्यात मिळालेले सुरक्षा-बूट घालून पळतात, कारण ते फुकट असतात. त्यांच्या टोकाला पोलादी वाटी असते, तळ वाकत नाही आणि वजन भारी. वरून पडणाऱ्या लोखंडापासून बोटे वाचवणे हे त्यांचे काम. शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतशाळेत, तिचे नाव आम्ही घेत नाही, मालकाने बूट दिले खरे, पण खरेदी सोपी व्हावी म्हणून सगळे दोनच नंबरांत आणले. निम्म्या माणसांना ते चावत, निम्म्यांच्या पायातून निसटत. शेवटी माणसे चपलेवर भट्टीपुढे उभी राहू लागली. आम्ही मागणी केली ती एका ओळीची: प्रत्येकाचा पाय मोजा. साडेतीन महिने लागले, पण पाय मोजले गेले आणि बूट पायात राहिले.

तीच मागणी आज आम्ही या व्यासपीठावरून करीत आहोत, फक्त ती मालकाकडे नसून आपल्या सर्वांकडे आहे. तालीम मंडळांनी, ग्रामपंचायतींनी आणि आमच्यासारख्या संघटनांनी भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे पाय वर्षातून दोनदा मोजावेत. वीस-पंचवीस जणांची एकत्र खरेदी केली तर दुकानदार भाव उतरवतो. घाऊक खरेदीची ताकद आम्ही सहकारी भांडारातून शिकलो, ती येथे का वापरू नये? गणपतीच्या वर्गणीतून एका मंडळाने दहा जोड्या घेतल्या तर देवाला राग येणार नाही. आणि नडगी दुखू लागली की पोराला ‘सहन कर’ म्हणू नये. धावणे थांबवून डॉक्टरकडे न्यावे आणि त्याआधी त्याच्या बुटाचा तळ उलटा करून पाहावा.

आमच्या संघटनेने आपल्या कार्यालयात एक लाकडी मोजपट्टी आणून ठेवली आहे. सभासद असो वा नसो, कोणाच्याही मुलाने यावे, उभे राहावे, दोन्ही पाय मोजून घ्यावेत आणि आकडा कागदावर लिहून न्यावा. त्याला वर्गणी लागत नाही. ज्या मुलीची गोष्ट मघाशी सांगितली ती पुन्हा धावू लागली आहे, या वेळी आपल्या मापाच्या बुटात. पुढच्या भरतीची जाहिरात निघेल तेव्हा तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहणाऱ्या आपल्या गावच्या मुलींच्या पायातही त्यांच्याच मापाचे बूट असावेत, एवढे आपण मनावर घ्यावे.